लाइपझिगची सूतगिरणी आणि आपलं गिरणगाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी गेलेल्या मराठी मुलामुलींवर लेख होता. पगार, व्हिसा, मागे राहिलेले आईवडील, सगळं आलं त्यात आणि ते खरंच आहे. पण एकूण सूर असा की तिकडे गेलेला माणूस पैसे कमावतो आणि आतून कोरडा होत जातो. माझं अगदी उलट झालं म्हणून लिहितेय, आणि ते का झालं हे मुंबईतल्या लोकांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

मी लालबागची. आजोबा गिरणीत स्पिनिंग खात्यात होते, वडील बदली कामगार म्हणून लागले आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यांची गिरणी त्यानंतर परत सुरू झालीच नाही. शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा चांगल्या ग्रेडने पास झाले, पण दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर गेली कारण घराला लवकर नोकरी लागेल असं शिक्षण हवं होतं, त्यात कोणाचाच दोष नाही. मग कॉम्प्युटर, नोकरी, लग्न, आणि नवऱ्याच्या कामामुळे जर्मनीत लाइपझिगला येणं.

इथे प्लागविट्झ स्टेशनजवळ एक जुनी सूतगिरणी आहे, १८८४ साली सुरू झालेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे २ लाख ४० हजार चात्या, म्हणजे सूत कातायची टाकळ्या, फिरत होत्या आणि ब्रिटन सोडलं तर युरोपातली सगळ्यात मोठी गिरणी म्हणून तिचं नाव होतं. कामगारांची घरं, पाळणाघर, बागेसाठी छोटे छोटे प्लॉट, म्हणजे गिरणगावच. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर काही वर्षांतच सूत निघायचं बंद झालं. पण इमारती पाडल्या नाहीत. मोठ्या खिडक्या आणि उंच छत असलेले हॉल चित्रकारांनी कमी भाड्यात घेतले, आज तिथे शंभरएक कलाकारांचे स्टुडिओ आहेत, गॅलऱ्या आहेत, जगभर नाव असलेला चित्रकार निओ राउख तिथेच काम करतो, आणि वर्षातून काही ठराविक दिवशी सगळं आवार लोकांसाठी उघडं असतं, कोणीही आत जाऊन बघावं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चित्रांपेक्षा त्या लोखंडी खांबांकडेच बघत राहिले. आजोबांची आठवण आली आणि रागही आला, राग कशाचा ते पुढे लिहिते.

चित्रं बघून चित्रकार होता येत नाही, त्याला जागा लागते, हत्यारं लागतात आणि शिकवणारं कोणीतरी. इथे ती सोय फोल्क्सहोखशूलेत आहे, म्हणजे मोठ्या माणसांसाठी शहराने चालवलेली शाळा. १९१९ च्या राज्यघटनेतच लिहिलं होतं की अशा शाळांना सरकारने आणि गावांनी मदत करावी. संध्याकाळी भाषेपासून मातीकामापर्यंत सगळे क्लास, फी परवडणारी, वय कोणी विचारत नाही. मी लिनोकट घेतलं, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून ते कागदावर छापायचं. त्यात चित्र उलटं कोरावं लागतं, जे कोराल ते कागदावर पांढरं राहतं आणि जे ठेवाल त्यालाच शाई लागते. आधी मी ट्राम, चर्च, इथले पूल असं कोरत होते पण हात चालत नव्हता, चाळीची गॅलरी कोरायला घेतली आणि एकदम सुटला.

क्लासमध्ये एक सत्तरीच्या बाई आहेत, तरुणपणी सूतगिरणीत होत्या, देश एक झाला आणि नोकरी गेली. माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकंच, पण त्यांनी केसात अडकणारा कापूस, मशीनच्या आवाजात खुणांनी बोलायची पद्धत, नोकरी गेल्यावर घरातली शांतता असं सांगायला सुरुवात केली आणि मला प्रत्येक वाक्य कळत होतं, कारण हे सगळं मी आजोबांकडून आणि वडिलांकडून ऐकलेलं होतं. त्यांना सांगायचं म्हणूनच मी भाषा नीट शिकले. आमच्या घराची गोष्ट मी पहिल्यांदा सलग सांगितली ती त्यांना, जर्मनमध्ये. लालबागला असताना कोणी विचारलीच नव्हती, तिथे सगळ्यांच्याच घरात ती होती.

मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले चित्रकार रझा १९५० ला पॅरिसला गेले आणि पुढे पंचवीसेक वर्षांनी मध्य प्रदेशातल्या लहानपणच्या शाळेतला, मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेला बिंदू त्यांच्या चित्रांत आला. मी काही त्यांच्या पंक्तीत बसणारी नाही, पण असं का होत असेल ते आता मला आतून कळतं.

आता रागाचं. मुंबईत १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि साधारण तेवढाच घरांसाठी म्हाडाला मिळणार होता. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टातही ते टिकलं. मग मॉल आणि टॉवर आले. ज्या वस्तीने अण्णाभाऊ साठे, नारायण सुर्वे दिले, जिथे गल्लोगल्ली भजनी मंडळं आणि नाटकाच्या तालमी होत्या, तिथल्या आजच्या मुलीला संध्याकाळी बसून काही करायला एक हॉल शिल्लक नाही. मला तो मिळायला सहा हजार किलोमीटरहून जास्त लांब यावं लागलं, हे मला खूप लागतं.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर महापालिकेचा टेक्स्टाईल म्युझियमचा प्रकल्प बरीच वर्षं चालू आहे. तिथे बघण्यासारखं जेवढं ठेवाल तेवढंच करण्यासारखं ठेवा ही विनंती. छापखाना, माग, चित्रांचे टेबल, आणि आजूबाजूच्या लोकांना परवडेल अशा फीमध्ये मराठीतून संध्याकाळचे क्लास. तोपर्यंत महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात तेच द्या. परळ-लालबागमधल्या कुठल्या मंडळाने अशी एक खोली मिळवली तर मी सुट्टीत आल्यावर लिनोकट शिकवेन, फी नको, रोलर आणि कोरायची हत्यारं मी घेऊन येईन, लिनो आणि शाई मुंबईत मिळते.

आपली,
एक वाचक, लाइपझिग (मूळ लालबाग)