मेथीची जुडी घेऊन आलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. माझंही नाही, गावाचंही नाही. सांगली जिल्ह्यातला द्राक्षाचा पट्टा, एवढंच पुरे. पोराचं नाव, शाळा, पत्ता कुठंच जाहीर करायचा नाही असं 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 सांगतं, हे तुमच्याकडूनच कळलं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या पोराचा फोटो 'गाडीचोर' म्हणून फिरत होता. तुम्ही ॲडमिनला फोन लावलात आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, एवढंच आवाज न चढवता सांगितलंत. चुलीवरचा चहा उकळायच्या आत फोटो गायब.

मी बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. सकाळी आठला बाहेर पडते ती दिवेलागणीला घरी. पोरगं सोळा वर्षांचं. तीन आठवडे ते शाळेत गेलं नाही, मला पत्ता नाही. शाळेनं कळवलं ते एकदमच, शिपायाच्या हाती दाखला पाठवून. आणि ज्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तो गॉगल लावून झळकला होता, त्या साहेबांचा फोन गाडीचोरीवरून पोलीस घरी आले त्या दिवसापासून बंद. फ्लेक्स मात्र महिनाभर चौकात तसाच. कामावर जाता-येता मला बघायला लागायचा.

तुम्ही आलात तो दिवस मी रोज आठवते. पोरांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या तुमच्या सरकारी कार्यालयाची गाडी, काचेवर लाल अक्षरांत नाव लिहिलेली, तुम्ही मारुतीच्या देवळापाशीच सोडलीत. गल्लीतून चालत आलात, हातात भाजीची पिशवी. शेजारच्या काकूंनी विचारलंच, कोण हो पाव्हण्या? तुम्ही म्हणालात, "मावसबहीण लागते मी हिची." मी उंबऱ्यात उभी, मला तोंडातून शब्द फुटेना.

मग तुम्ही सतरंजीवर बसलात आणि पिशवीतली मेथीची जुडी सोडलीत. पोराबद्दल एक अक्षर नाही. निवडता निवडता माझ्या हजेरीचं विचारलंत, खाडा पडला तर किती कापतात ते विचारलंत. पोरगं दोन दिवस आतल्या खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन पडलं होतं. केव्हा बाहेर आलं, केव्हा तुमच्यासमोर बसून जुडीतलं गवत काढायला लागलं, मला कळलंसुद्धा नाही. रात्री म्हणाला, "आई, त्यांची गाडी दारात आली असती ना, तर मी परड्यातनं पळून गेलो असतो."

सांगलीच्या बाल न्याय मंडळाच्या फेऱ्यांचं फार लिहीत नाही. पिंजरा, उंच खुर्च्या असं काय काय डोक्यात घेऊन मी एसटीत बसले होते. तिथं टेबलापलीकडं तिघं होते, एक न्यायाधीश आणि दोन समाजकार्य करणारे, आमच्याच उंचीवर बसलेले. कागदावर 'विधी संघर्षग्रस्त बालक' असं लिहिलं होतं. मला ते दोनदा वाचावं लागलं. 'आरोपी नाही लिहिलेलं, बालक लिहिलंय,' असं तुम्ही त्या शब्दावर बोट ठेवून दाखवलंत. शेवटी समज देऊन, समुपदेशनाला यायचं सांगून त्याला घरी पाठवलं.

खरी गंमत प्रभागाच्या बैठकीत झाली. सगळी मंडळी कॅमेऱ्यावर अडलेली. चौकात चार बसवा, पोरं सुतासारखी सरळ येतील. तुम्ही वही उघडलीत. शाळा सोडलेली पोरं कोणकोणती, रात्री सात ते दहा ती कुठं बसतात, मैदानावरच्या कुठल्या खांबाचा दिवा कधीपासून बंद आहे. "कॅमेऱ्यात पोरगं सापडेल, पण तोवर गाडी गेलेली असेल," म्हणालात, तेव्हा मागच्या बाकावरची एक आजी "खरंय बाई" असं मोठ्यानं बोलली. दिवे लागले. जकात बंद झाल्यापासून कुलूप लागलेली नाक्याची खोली उघडली. (कॅमेरेही बसलेच, त्याला पैसे लगेच सापडले. त्यातला एक सध्या आभाळाकडं बघतो.)

त्या खोलीत आता संध्याकाळी पंपाच्या मोटारी भरायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला, शिकवतात. पोराच्या बोटांना तांब्याच्या तारेचे चरे पडलेत, वार्निशचा वास अंगाला धुतला तरी जात नाही. मला तो वास आवडायला लागलाय. चांगुलपणाला काही पद लागतं असं मला वाटायचं. तुम्ही तर ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर बसता आणि पंखाही तुमच्याकडं फिरत नाही, हे मी बघून आलेय.

गेल्या आठवड्यात त्यानं गल्लीतल्या एकांची जळालेली मोटार भरून दिली. फोटो ग्रुपवर टाकणारे तेच. पैसे घेतले, सोडले नाहीत, बरं केलं.

रविवारी जेवायला या. मेथी मी आणते. आणि गाडी दारात लावा.

तुमची मावसबहीण