रेचलला अर्ध्यात सोडू नकोस

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुमा,

तुझं पत्र मिळालं. ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ अर्ध्यात ठेवून दिलीस हे वाचलं आणि राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसले. “ही बाई तेच तेच किती वेळा करणार, आणि हिच्यावर विश्वास तरी कसा ठेवायचा?” असं तू विचारतेस. अगं, पॉला हॉकिन्सच्या या कादंबरीचा (२०१५) सगळा जीव त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

मी ती आणंदला अपडाऊन करताना मेमूत वाचली. रणोलीजवळ गाडी खोळंबली की रुळालगतच्या गॅलऱ्या दिसतात: दोरीवरची गोधडी, तुळशीला पाणी घालणारी कुणीतरी. मन आपोआप त्या घरात शिरतं. कादंबरीतली रेचल हेच करते, पण तिला दुसरं काही उरलेलंच नाही. नोकरी गेलेली. जिच्या घरी राहते तिला कळू नये म्हणून रोज सकाळी ८.०४ ची गाडी धरून लंडनला जायचं. सिग्नलला गाडी थांबली की एका अनोळखी जोडप्याकडे बघत त्यांचा सुखी संसार मनातच रचायचा. त्याच गल्लीत तिचं जुनं घर आहे, आणि तिथे आता तिच्या आधीच्या नवऱ्याची दुसरी बायको ॲना आणि बाळ.

सकाळी शपथ, संध्याकाळी बाटली, रात्री आधीच्या नवऱ्याला फोन. मलाही चीड आली. पण एका शनिवारी रात्री त्या जोडप्यातली मेगन नाहीशी होते, आणि रेचल डोक्याला जखम घेऊन जागी होते. आदल्या रात्रीचं काही आठवत नाही. दारू भराभर आणि फार झाली की मेंदू नव्या आठवणी साठवणंच थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण मागे काही राहत नाही. मग “काल तू असं असं केलंस” असं कुणी सांगितलं तर ती ते कशाच्या जोरावर नाकारणार? रहस्य फोडत नाही, पण एवढं धरून वाच.

वाड्यातले अप्पा आठवतात? दारूबंदीच्या राज्यातही त्यांना कुठून ना कुठून मिळायचीच. भावाने आपल्या सहीशिवाय खोली विकली, असं ते ओट्यावर बसून सांगायचे. लोक म्हणायचे, “उतरल्यावर बोला, अप्पा.” पुढे पुढे अप्पाच म्हणायला लागले, “केलीही असेल मी सही. आठवत नाही.” ते गेल्यावर कागद बाहेर आले, त्यावर अंगठा होता. अप्पा मॅट्रिक झालेले, आयुष्यभर सही करत आलेले! रेचल वाचताना मला सारखे तेच दिसत होते. लोकांनी विश्वास ठेवला नाही हे दुःख आहेच, पण त्यांचा स्वतःवरचा विश्वासही गेला, ते मला जास्त लागतं.

ॲनाची प्रकरणं मला उथळ वाटली, ती भरभर वाचलीस तरी चालेल. मेगनच्या तारखा मात्र नीट बघ. तिची हकिकत मे २०१२ पासून सुरू होते आणि रेचलची जुलै २०१३ पासून. हे निसटलं की गोंधळ होतो. आणि त्यावरचा हिंदी सिनेमा आधी बघू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा माझ्याशी भांडायला तरी पुस्तक संपवून ये. आईंना नमस्कार, छोट्यांना गोड पापा.

तुझीच,
वैजू