परवाना मागणाऱ्या शासनास एका प्रभारी मुख्याध्यापिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्याकडे मुख्याध्यापक पदोन्नतीची यादी निघाली. ज्येष्ठता यादीत माझा क्रमांक एकोणिसावा असून माझ्या नावासमोर शेऱ्याच्या रकान्यात ‘टीईटी अनुत्तीर्ण’ असे लिहिले आहे. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा; मी ही परीक्षा आजवर दिलेलीच नाही, त्यामुळे अनुत्तीर्ण कशी झाले हे मला उमगलेले नाही. पण रकाना अरुंद होता, असे कार्यालयातील लिपिकाने समजावून सांगितले आणि मी ते मान्य केले.

सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल मी वाचला आहे. सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असणाऱ्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सक्तीची निवृत्ती पत्करावी. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरी राहील, पदोन्नती मात्र परीक्षेविना मिळणार नाही. न्यायालयाशी माझा वाद नाही, कारण न्यायालयाने शिक्षण हक्क कायदा वाचला. माझे भांडण आपल्याशी आहे, कारण तो कायदा आम्हांला पंधरा वर्षे आपल्या विभागाने उलटा वाचून दाखवला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत त्यापूर्वी नेमलेल्या शिक्षकांना सूट होती, आणि त्या परिच्छेदावर बोट ठेवून कार्यालयाने मला दोनदा ‘आपणास ही परीक्षा लागू नाही’ असे लेखी कळवले. ती दोन्ही पत्रे मी जपून ठेवली आहेत. आता त्यांचे काय करायचे, तेही कळवावे.

माझी नेमणूक २००१ ची. डी.एड. पूर्ण करून, गुणवत्ता यादीतून, दरमहा ३,००० रुपयांच्या मानधनावर तीन वर्षांसाठी शिक्षणसेवक म्हणून मी रुजू झाले. त्या तीन वर्षांत मी एकही दिवस गैरहजर नव्हते, कारण सेवा नियमित होईपर्यंत आजारी पडण्याची हिंमत आमच्यापैकी कोणातच नव्हती. आज माझ्या शाळेत चार वर्ग, ४१ मुले आणि दोन शिक्षक आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच मुख्याध्यापकाचे पद मिळते. म्हणजे माझ्या शाळेला मुख्याध्यापक नाही, पण मुख्याध्यापकाने करायचे प्रत्येक काम आहे आणि ते मी अकरा वर्षे करते आहे. यू-डायस या शासकीय संगणक प्रणालीत भरायची शाळेची माहिती, आधार जुळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा हिशेब, व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, हे सर्व ‘प्रभारी’ या एका शब्दाखाली येते. ज्या पदाचे काम माझ्याकडून अकरा वर्षे पात्रता न विचारता करून घेतले, त्याच पदासाठी मी आता अपात्र ठरले आहे. वेतन सोडाच, निदान शेरा तरी सुसंगत असावा.

शिक्षकाला शिकवण्याचा परवाना हवा, हे मला तत्त्वतः मान्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी व्यावसायिक मानके आणि शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी दरवर्षी ५० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे, त्यालाही माझा विरोध नाही. मात्र ते तास मी रात्री स्वयंपाक आवरल्यावर मोबाईलवर पूर्ण केले आहेत. प्रश्न आहे तो परवाना कशावरून देणार याचा. दीडशे मिनिटांत दीडशे वर्तुळे काळी करायची, त्यांत तीस प्रश्न बालमानसशास्त्राचे. ऊसतोडीला गेलेली नऊ मुले हंगाम संपल्यावर परततात, तेव्हा त्यांची अक्षरओळख पुन्हा पहिल्यापासून करून घेताना उरलेल्या बत्तीस मुलांचे काय करायचे, याला चार पर्याय नसतात. पंचवीस वर्षांत माझ्या वर्गात एक अखंड तास मागे बसून शिकवणे पाहणारा अधिकारी एकदाच आला. बाकीचे सर्व जण रजिस्टर पाहून, चहा घेऊन गेले.

शिवाय परवाना कोण देणार? २०१२ साली याच राज्याने शिक्षक भरती थांबवली आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याच न होणाऱ्या भरतीसाठी पहिली पात्रता परीक्षा घेतली. लाखो उमेदवारांनी शुल्क भरले आणि प्रमाणपत्रे कपाटात ठेवली. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पोलिसांनी अटक केली आणि २०२२ मध्ये गैरमार्गाने पात्र ठरलेल्या सात हजार आठशेच्या आसपास उमेदवारांवर कारवाई झाली. ज्या दुकानात वजनमापे खोटी निघाली, तिथेच मला या वयात तागडीत बसायला सांगितले जात आहे.

मी परीक्षेला घाबरत नाही, मला अभ्यासाला वेळ हवा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. माझ्या डायरीत गेल्या वर्षी वर्गाबाहेरच्या कामांचे ६३ दिवस भरतात. मोजण्यात चार-दोन दिवस इकडेतिकडे झाले असतील, कारण मोजायलाही वेळ नव्हता. त्यांतले निम्मे मतदार याद्यांचे म्हणून कायद्यात बसतात; उरलेले कुठे बसतात, ते आपल्या विभागाने सांगावे.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की २०१० पूर्वीच्या शिक्षकांसाठी कायद्यात दुरुस्ती करावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे लेखी पाठवावा आणि त्याची प्रत जाहीर करावी. ते होईपर्यंत परीक्षा देणाऱ्यांना वर्गाबाहेरच्या कामांतून मुक्त करावे. आणि कोणाला अपात्र ठरवण्यापूर्वी, स्वतः प्राथमिक वर्गाला शिकवलेल्या माणसाने त्याच्या वर्गात तीन दिवस बसावे. यांतली पहिली मागणी आपल्या एका सहीची आहे. पण आपल्याकडे सहीला मुहूर्त लागतो आणि परिपत्रकाला लागत नाही, हे मी पंचवीस वर्षांत शिकले. तो प्रश्न दीडशे प्रश्नांत येत नाही.

पुढच्या परीक्षेचा अर्ज मी भरणार आहे. पूर्वीची सर्व निवेदने ‘योग्य मार्गाने’ पाठवली होती आणि त्या मार्गाने काहीही परत आले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिले. उत्तर लेखी द्यावे. लिपिकाने लिहिले तरी चालेल, रकाना तेवढा रुंद असावा.

आपली विश्वासू,
एक उपशिक्षिका
प्रभारी मुख्याध्यापिका (पद मंजूर नाही)