स्वतःची गाणी करणाऱ्यांनाही थोडी जागा द्या

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाटक, चित्रपट आणि शास्त्रीय मैफली यांच्याविषयी भरभरून छापून येतं आणि मी ते आवडीने वाचते. पण मोठ्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी करणारे जे बँड आहेत, ज्यांना आजची मुलं 'इंडी' म्हणतात, त्यांच्या अल्बमविषयी एक ओळही येत नाही. म्हणून हे पत्र.

मी फोंड्याची. आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते आणि नोकरीसाठी रोज पणजीला जाते. बंगळुरूला असलेली माझी भाची गेले काही महिने मला एकेक अल्बम सुचवते आणि वर बजावते, "मावशी, मधलंच एखादं गाणं उचलायचं नाही हं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं." कदंबच्या (गोव्यातल्या सरकारी बसच्या) गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली की पणजी येईपर्यंत एक अल्बम आरामात ऐकून होतो.

मनात घर केलं ते 'कलॉसल यूथ'ने. अल्बम १९८० सालचा, वेल्समधल्या कार्डिफच्या यंग मार्बल जायंट्स या बँडचा. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि गायिका ॲलिसन स्टॅटन, एवढीच माणसं. ड्रम वाजवायला कोणी नाही. ठेका यंत्राचा, तोही अगदी बारीक. बास गिटार चाल पुढे नेते. वरची गिटार तारांवर तळहात टेकवून वाजवलेली आहे, त्यामुळे स्वर उमटतो आणि तिथल्या तिथे थांबतो. पेटीवाल्याला रिकामी जागा भरायची सवय असते. गायकाने श्वास घेतला की आमची बोटं लगेच पुढे सरकतात. इथे ती जागा कोणीच भरत नाही आणि त्या मोकळ्या जागेमुळेच पुढची ओळ नीट कानावर येते. ॲलिसनचा आवाज गावच्या मांडावर धालो ही लोकगीतं गाणाऱ्या बायकांसारखा सरळ आहे. त्याला कंप नाही, आव नाही. पंधरा गाणी, बहुतेक दोन-तीन मिनिटांची, आणि सगळं ध्वनिमुद्रण पाच दिवसांत आटोपलेलं. या बँडचा स्टुडिओतला हा एकच अल्बम. निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन याने तो आपल्या आवडत्या अल्बमांत मोजला होता. मला तो आता पाठ झाला आहे, तरी रोज थोडा नवा वाटतो.

बेल अँड सेबॅस्टियन या स्कॉटलंडच्या बँडचा 'टायगरमिल्क' मला तितका भिडला नाही. गोड आहे, पण शब्द फार. मात्र तो निघाला कसा हे आपल्या वाचकांना कळायला हवं. १९९६ साली ग्लासगोच्या स्टो कॉलेजमध्ये संगीत व्यवसायाचा अभ्यासक्रम होता. त्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हा अल्बम झाला आणि त्याच्या फक्त १००० तबकड्या काढल्या. आपल्याकडे गॅदरिंगला मंडप, दिवे, स्पीकर यांवर खर्च होतोच. त्याच्या जोडीला एखाद्या कॉलेजने वर्षाला मुलांचा एक अल्बम काढायला काय हरकत आहे?

दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी (नावात कंपनी असली तरी हा बँडच) यांचा 'बिस्मिल्लाह' २०१९ सालचा. त्यांचा गायक सूर्यकांत सॉनी जुन्या क्लबातल्या गायकासारखा सावकाश गातो. काही गाणी उगाच लांबली आहेत, पण पितळी वाद्यं आली की मी सावरून बसते. तो ट्रम्पेट ऐकताना मला आपली माणसं आठवतात. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यवृंद संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा. हिंदी सिनेमाचं संगीत गोव्याच्या वादकांनी उभं केलं आणि तबकडीवर नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचंच आलं.

आणि स्वतःच्या नावावर, वेगळ्या तऱ्हेने संगीत करून दाखवणारा माणूसही आपलाच. रेमो फर्नांडिस यांनी 'गोवन क्रेझी' १९८४ साली शिवोलीत, स्वतःच्या घरी, चार ट्रॅकच्या (म्हणजे चार आवाज वेगवेगळे मुद्रित करता येणाऱ्या) कॅसेट यंत्रावर केला. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, सगळी वाद्यंही त्यांनीच वाजवलेली. कॅसेटी ते स्वतः स्कूटरवरून गोवाभर पोचवत. आज त्या यंत्रापेक्षा जास्त ट्रॅक मुलांच्या लॅपटॉपवर असतात. अडचण यंत्राची नाहीच.

अडचण ऐकणाऱ्यांची आहे. भाचीच्या मित्रांचा मडगावला एक बँड आहे. किनाऱ्यावरच्या एका शॅकवर त्यांनी आपलं कोकणी गाणं सुरू केलं, तर दुसरं कडवं यायच्या आत मॅनेजर येऊन म्हणाला, "लोकांच्या ओळखीचं काहीतरी वाजवा." मुलांनी निमूटपणे दुसऱ्याचं गाणं धरलं. त्या संध्याकाळी मी तिथेच होते आणि मला फार वाईट वाटलं, कारण अडवलेलं गाणं त्यानंतरच्या सगळ्या गाण्यांपेक्षा चांगलं होतं. एकदाही पूर्ण ऐकू न दिलेलं गाणं लोकांच्या ओळखीचं होणार तरी कसं?

इथेच वर्तमानपत्राची मदत होऊ शकते. महिन्यातून एकदा पाव पान पुरे. एक अल्बम निवडावा, कोणी केला, कुठे केला, कसा वाजतो हे साध्या मराठीत सांगावं. गाणी कोकणी, मराठी, इंग्रजी कुठलीही चालतील. शक्य झालं तर त्याच चौकटीत त्या महिन्यात गोव्यात कुठला बँड स्वतःची गाणी घेऊन कुठे वाजवतो आहे तेही द्यावं, म्हणजे माझ्यासारख्या फोंड्या-डिचोलीच्या माणसांना वेळेवर कळेल. लिहिणारं कोणी नसेल तर 'कलॉसल यूथ'वर मी लिहून पाठवते. दुसरा लेख मात्र गोव्यातल्याच बँडवर हवा आणि तो लिहिणाऱ्याने त्यांची गाणी समोर बसून ऐकलेली असावीत.

आपली,
एक नियमित वाचक, फोंडा