अलास्काच्या बोटीचं ठरवलंय

ती. आई आणि बाबांना
सा. न. वि. वि.

बुकिंग करून टाकलंय. जूनमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सात रात्रींची अलास्काची बोट, आपण तिघं. आधी विचारलं असतं तर बाबांनी “एवढा खर्च कशाला” म्हणून विषयच मिटवला असता. मग मी ऑफिसातून कधी येते याची वाट बघत तुम्ही पुन्हा माझ्या खिडकीत बसला असतात. ते मला या वेळी नको आहे.

शेजारच्या काका-काकूंसारखी युरोपची मोठी बोट तुमच्या मनात होती, ठाऊक आहे. पण तिथे रोज नवं शहर, दगडी रस्ते, उन्हातले चढउतार. बाबांचा गुडघा संध्याकाळी सुजतो हे मला कळलंय (बाबा, आईला रागावू नका, मीच तिला खोदून विचारलं). अलास्कात पुष्कळसं बोटीतूनच दिसतं. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या बोटी सोडतात. बर्फाचे कडे खुर्चीत बसून, शाल गुंडाळून बघायचे. आणि स्कॅगवे बंदरातून निघणारी व्हाइट पास या डोंगरखिंडीची रेल्वे! नॅरो गेज, १८९८ साली काम सुरू, १९०० साली पूर्ण, समुद्रकाठून सुमारे ८७० मीटर चढते. बाबा, खरं सांगते, त्या गाडीसाठीच ही सहल निवडली. तुमच्या डब्यात पाय लोंबकळत ठेवून बसायचे ना मी, तसंच शेजारी बसायचंय मला.

आई, तुझी धास्ती ती बोट लागण्याची. सिएटलची बोट माझ्या घराजवळून मिळाली असती, पण तिकडच्या बोटी बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. आपली बोट बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यातून जाईल, तिथे लाटा कमी. खोलीही बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घेतलीय, हेलकावे कमी बसतात. लिफ्ट जवळ आहे, न्हाणीघरात टब नाही, धरायला दांडा आहे. आणि देवगडला पडावात उतरताना आजी तुझा दंड धरायची तसं काही नाही; बोट धक्क्यालाच लागते, विचारून घेतलंय.

शाकाहारी जेवणाचं लेखी कळवलंय. संकष्टी आली तर फळं, दही, उकडलेले बटाटे मिळतील. खोलीत किटली चालत नाही, पण गरम पाणी केव्हाही मिळतं, चहाचा मसाला मी घेईन.

आता नीट ऐका. अमेरिकेचा व्हिसा आहे, कॅनडाचा वेगळा लागेल. फॉर्म मी भरते, फोटो या आठवड्यात काढा. दातांचं आणि डोळ्यांचं काम आधीच उरका. धक्क्यावर दिलेल्या बॅगा खोलीत उशिरा येतात, म्हणून बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी आईच्या पर्समध्येच हवी. बोटीवरचा डॉक्टर महाग, म्हणून विमा काढलाय, हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तरी खर्च मिळेल असा. तशी वेळ येणार नाही, पण काढलाय. जून असला तरी थंडी असते. स्वेटर, कानटोपी, रेनकोट भरा, वाटेतल्या केचिकान बंदरात कोकणासारखा पाऊस पडतो.

बाबा, विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीय. तुम्ही चालू शकता, मला माहीत आहे. तिथल्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं, एवढंच कारण. नाही म्हणू नका.

रविवारी फोन करते. तोवर आईचे पायमोजे कुठल्या मापाचे आणायचे ते बघून ठेवा.

तुमची,
मनी