आई, माझ्या कॉफीची काळजी करू नकोस

लुंड, स्वीडन
ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. बाबा परवा म्हणाले, "हे तू दरवेळी लिहितेस, त्यामुळे आम्हाला काहीच कळत नाही." म्हणून या वेळी नीट सांगते. स्तनाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपलं. त्या जागची कातडी काळवंडली होती, ती निवळत आलीय. डोक्यावर बोटभर केस आलेत आणि ते कुरळे आहेत. हृदयाची इको झाली, चांगली आली. आता दर तीन आठवड्यांनी मांडीत एक इंजेक्शन आणि टॅमोक्सिफेनची, म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणारी, रोजची गोळी, एवढंच उरलंय. ऑपरेशनचं आणि केमोचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, ते परत उगाळत नाही. ऑफिसला अर्धा दिवस जाते, थकले की घरी येते, कुणी एका शब्दाने विचारत नाही.

आता त्या फोटोचं. ४ ऑक्टोबरला ऑफिसातला फोटो ग्रुपवर टाकला, त्यात माझ्यापुढे कॉफीचा मग आणि बशीत बन होता. त्यावर आईने विचारलं, "एवढं सगळं झालं तरी साखर आणि कॉफी सुटत नाही का गं?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

आधी इथली पद्धत सांगते, नाहीतर मी एकटीच बसून चरत असते असं तुम्हाला वाटायचं. इथे 'फिका' नावाचा प्रकार आहे. सकाळी साडेनऊ-दहाला आणि दुपारी तीनच्या सुमारास सगळं ऑफिस उठतं आणि एका खोलीत जमतं. आपल्याकडे चहा टेबलावर येतो आणि आपण एका हाताने काम करत तो पितो, तसं इथे चालत नाही. कप घेऊन आपल्या जागेवर परत गेलं तर लोकांना वाटतं, हिचं काहीतरी बिनसलंय. साहेब, शिकाऊ पोरं, साफसफाईला येणारी बाई, सगळे एकाच टेबलाभोवती. कामाचं बोलायचं नाही असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण बोलत नाहीत. हवेचं, कुत्र्याचं, उन्हाळ्यातल्या घराचं बोलतात. ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच केक आणायचा, लोकांनी त्याच्यासाठी नाही! शुक्रवारी पाळीपाळीने कुणीतरी घरून काही भाजून आणतं. कॉफी काळी, भरपूर, आणि दुसरा कप घेतला तरी कुणी बघत नाही. एवढ्या गप्प माणसांच्या देशात ओळख व्हायची ती याच टेबलावर. मी इथे नवीन होते तेव्हा फिका टाळून काम उरकायचे, आणि कितीतरी दिवस मला कुणाचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. याच देशात अठराव्या शतकात कॉफीवर बंदी होती, १७५६ साली पहिल्यांदा आणि मग पुन्हा पुन्हा. राजा तिसऱ्या गुस्ताव्हने म्हणे दोन कैद्यांना फाशी माफ केली आणि एकाला रोज कॉफी, दुसऱ्याला रोज चहा पाजायला लावला, कोण आधी मरतो ते बघायला. इथले लोक सांगतात की आधी तपासणारे डॉक्टर गेले, मग राजाचा खून झाला, आणि कैदी म्हातारे होऊन मेले. राजाचा खून १७९२ चा, तो खरा. बाकीचं कितपत खरं ते बघून घ्या, पण कॉफीच्या भीतीला इथे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

४ ऑक्टोबर हा त्यांचा दालचिनीच्या बनाचा दिवस, १९९९ पासून पाळतात. त्या बनाच्या पिठात वेलची असते, आई. मी केमोत होते तेव्हा मला कशाचीच चव लागत नव्हती. सगळं अन्न कल्हई उडालेल्या भांड्यात ठेवल्यासारखं लागायचं. कॉफीचा नुसता वास आला तरी पोटात ढवळायचं, म्हणून मैत्रिणी माझ्याशेजारी बसताना कप लांब ठेवायच्या. तोंड आलं होतं, गरम काही जात नव्हतं. ते संपून काही आठवड्यांनी एकीने बन आणला, मी तुकडा तोंडात टाकला आणि वेलची लागली. नीट, स्पष्ट, वेलचीच! मला रडू आलं आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं मला काही दुखतंय. त्या दिवसापासून मी फिकाला परत बसते. फोटोतला बन हा असा आहे.

आता साखरेचं. "साखर कॅन्सरला पोसते" हा व्हिडिओ मला तुमच्याकडून आला, मामांकडून आला आणि इथल्या शेजारणीकडूनही आला. मी तो घेऊन माझ्या नर्सकडे गेले. इथे प्रत्येक पेशंटला एक ठरलेली नर्स असते, तिला फोन करून काहीही विचारता येतं. ती म्हणाली, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त वापरतात हे खरंच आहे. ऑटो वारबुर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ते दाखवलं, आणि शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण म्हणून ताटातली साखर बंद केली की गाठ उपाशी मरते असं होत नाही. शरीरातल्या सगळ्याच पेशींना ग्लुकोज लागतं, मेंदूला तर फारच. आपण नाही खाल्लं तरी लिव्हर ते दुसऱ्या पदार्थांतून तयार करतं. उपाशी राहून वाळतो ते आपण, गाठ नाही.

पण मोकळं रान आहे असंही तिने सांगितलं नाही. माझी गाठ हार्मोनवर वाढणारी होती. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून वजन हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही. या उपचारांत वजन वाढतं आणि माझंही थोडं वाढलंय, ते फोटोत तुम्हाला दिसलंच असेल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. एका बनात त्यातली बरीच संपते. म्हणून मी अर्धा खाते, अर्धा पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला देते, तो वाटच बघत असतो. रोज नाही, शुक्रवारी आणि सणाला. घरात बिस्किटाचा पुडा आणत नाही. ज्वारीचं पीठ इथे मिळतं, भाकरी करते, भाज्या खाते, संध्याकाळी नदीपर्यंत चालून येते. एवढं केल्यावर शुक्रवारच्या अर्ध्या बनासाठी मला कुणाची परवानगी मागावीशी वाटत नाही, आई. हे मी रागाने लिहीत नाहीये.

कॉफीबद्दल तर माझी बाजू आणखी भक्कम आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २०१६ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीतून काढलं. फक्त ६५ अंशांच्या वरचं कुठलंही कढत पेय अन्ननलिकेला वाईट, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा बाबांचा उकळता चहा माझ्या कॉफीपेक्षा जास्त काळजीचा आहे, तो बशीत ओतूनच प्यायला द्या. शिवाय मी राहते त्याच लुंडच्या विद्यापीठातून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, स्तनाच्या कॅन्सरच्या १,०९० बायकांचा. टॅमोक्सिफेन घेणाऱ्यांपैकी ज्या दिवसाला दोन किंवा जास्त कप कॉफी पीत होत्या, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी पिणाऱ्यांच्या साधारण निम्मं दिसलं. मी हे नाचत नाचत डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, आवडते म्हणून पी, औषध म्हणून नको. नुसत्या निरीक्षणावरून असं ठरवता येत नाही, आणि गोळी चुकवून कॉफी प्यायली तर काही उपयोग नाही. गोळी मी चुकवत नाही, रात्री दात घासले की घेते.

मी सकाळी एक कप आणि अकराच्या आत दुसरा घेते. दुपारच्या फिकाला लाल रंगाचा काढा पिते, तो कसल्या तरी फळाचा असतो. कारण या गोळीने अंगातून वाफा येतात, रात्री पांघरूण काढायचं-घ्यायचं चालू असतं, आणि दुपारी कॉफी घेतली की ते वाढतं आणि झोप उडते. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं. रक्त कमी होतं तेव्हा लोहाच्या गोळ्या होत्या, त्या आणि कॉफी यांत दोन तास अंतर ठेवायचे.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांच्या त्या दुसऱ्या व्हिडिओबद्दल, कॉफीच्या एनिम्याबद्दल (म्हणजे गुदद्वारातून आतड्यात कॉफी सोडायची), हात जोडून सांगा की तो कुणालाही पाठवू नका. त्याने कॅन्सर बरा होत नाही. आतड्याला इजा होते, शरीरातले क्षार बिघडतात, त्यात माणसं दगावलीही आहेत. कुणी उपचार सोडून त्याच्यामागे लागलं तर फार वाईट होईल.

दारूचं बाबांनी विचारलं होतं. इथे नाताळात मसाल्याची गरम वाइन सगळीकडे देतात. ती मी घेत नाही. थोड्या दारूनेही स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे पक्कं माहीत आहे, तिथे अर्ध्या कपाचाही हिशोब मला मांडायचा नाही.

आता जे लिहायला मी इतकी पानं भरली ते लिहिते. आई, वहिनीने मला एक गोष्ट सांगितली, त्यावरून तिला बोलू नकोस. माझं कळल्यापासून तू गोड सोडलंयस. चहात साखर नाही, गणपतीत मोदकाला हात लावला नाहीस, आणि ही पूर्ण बरी झाली की देवीला पाच नारळ आणि मग गोड, असं बोलली आहेस. आई, माझ्या पाच वर्षांच्या गोळ्या आहेत, कदाचित दहा. तू तोवर बिनसाखरेचा चहा पिणार? तिकडे तू लहानपणीचा शिरा आठवतेस, "साजूक तूप फार घालायचे गं तुम्हाला" म्हणतेस. त्या शिऱ्याने काही झालेलं नाही. तुझ्या हातच्या कशानेही काही झालेलं नाही. आपल्या घराण्यात नव्हतं तरी झालं, कारण दहातल्या नऊ जणींना ते वारशाने येतच नाही. मी इथे बन खाताना तू तिथे उपाशी आहेस हे माझ्या घशाशी येतं. देवीला मी येऊन नारळ देईन, पाचाचे अकरा देईन, पण तू चहात साखर घाल.

बाकी लग्नाचं. छकुलीच्या साखरपुड्याला रेडिएशन चालू होतं म्हणून येता आलं नाही, व्हिडिओवर बघितलं, तिची साडी फार सुंदर होती. लग्नाला येतेय. डिसेंबरच्या दोन इंजेक्शनांच्या मधले दिवस डॉक्टरांनी मोकळे दिलेत, पण सगळं धरून जेमतेम दहा दिवस मिळतील. हळदीला पोचेन, मांडव परतण्याआधी निघावं लागेल. एकुलती एक आत्या पाहुण्यासारखी येणार याचं वाईट वाटतंय, पण सगळं आनंदात करू. गजरा माळायला केस नाहीत, तरी वहिनीने माझ्यासाठी गजरा आणावा.

पैशांचं दादाला स्पष्ट सांगा. आजारपणाच्या रजेत इथे साधारण ऐंशी टक्के पगार मिळतो, त्यालाही वरची मर्यादा आहे, म्हणून गेल्या काही महिन्यांत कमी पाठवले. बाबांच्या मोतीबिंदूचा सगळा खर्च त्याच्यावर पडला, तो मी जानेवारीपासून फेडते, त्याने नाही म्हणू नये. हॉलचा दुसरा हप्ता माझा. आणि आई, माझ्या उपचारांसाठी पाटल्या मोडायची गोष्ट पुन्हा काढायची नाही. इथे दवाखान्याच्या फीला वर्षाची मर्यादा आहे, साधारण दीड हजार क्रोनर, त्यापुढे घेत नाहीत. माझ्यावर एका पैशाचं कर्ज नाही. पाटल्या लग्नात तुझ्या हातात दिसल्या पाहिजेत.

घरात सगळ्यांना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुमची लेक

ता. क. वहिनी, हे तुला. माझी गाठ हाताला लागलीच नव्हती. इथे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या बायकांना मॅमोग्राफीचं पत्र घरी येतं, त्या तपासणीत ती सापडली, म्हणून लहान असतानाच निघाली. तुला असं पत्र येणार नाही. लग्नाची खरेदी चालूच राहील, त्याआधी डॉक्टरांना विचारून तपासणी करून घे आणि रिपोर्ट मला पाठव. पैसे दादाच्या खात्यात टाकलेत, त्यावर तुझं नाव लिहिलंय.