पेन्सिलीनं लिहिलेलं पळणं : बाईंना आभारपत्र

सोलापूर, फाल्गुन अखेर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

क्रीडाशिक्षिका म्हणून तुम्ही आम्हा शिक्षकांसाठी लिहिलेली पळण्याची शंभर पानी वही अजून आमच्यात फिरते आहे. शहरातले जे शिक्षक पहाटे पळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती उतरवून घेतली आहे. त्या वहीचे आभार मानायला हे पत्र.

पहिल्याच पानावर तुम्ही चकवलंत. पळण्याच्या वहीत आधी पळणंच नाही! सात वारांच्या सात ओळी, आणि रकाने कसले, तर नळाला पाणी येण्याचा दिवस, डबा, शाळेची वेळ, परीक्षेचं पर्यवेक्षण, पेपर तपासणी, झोप. हे सगळं शाईनं. मग जी घरं रिकामी राहतील त्यांत पेन्सिलीनं पळणं. पेन्सिल अशासाठी की उजनी धरणाचं पाणी आपल्या नळाला काही दिवसांआड येतं आणि त्याचा वार सरकत राहतो. रात्री अकराला पाणी आलं, भरून होईतो साडेबारा वाजले, की पहाटे पाचचा गजर लावण्यात अर्थ नसतो. त्या दिवसासाठी तुम्ही लिहिलंत, ‘दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या, पाठ ताठ, खांदे खाली. आजचा व्यायाम झाला.’ आणि लांब पळण्याच्या दिवशीच पाणी येणार असलं तर पळणं आदल्या दिवशी उरकायचं, कारण दीड तास पळून थकलेल्या कमरेनं वाकून घागर उचलली की उसण भरते.

आठवड्याला चारच दिवस दिलेत. दोनदा ४० मिनिटं सावकाश, एकदा ३० मिनिटं आणि शेवटी २० सेकंदांच्या ६ वेगाच्या पण मोकळ्या धावा, रविवारी ७५ ते ९० मिनिटं. सावकाश म्हणजे किती, यावर लोक घड्याळं विकत घेतात. तुम्ही बाराचा पाढा दिलात. पळता पळता मोठ्यानं म्हणायचा. बारा साते चौऱ्याऐंशीपाशी दम तुटला तर वेग जास्त आहे. मास्तरांना याहून सोयीचं मोजमाप कुठलं?

चुकलेला दिवस भरून काढायचा नाही, हा तुमचा सगळ्यात कडक नियम. मंगळवारचं राहिलं म्हणून आम्ही आधी बुधवारी दुप्पट पळायचो, गुरुवारी नेहमीचं, आणि शनिवारपर्यंत नडगी ठणकायला लागायची. त्यातून सध्या मैदानावरचा मुरूम वाळून दगडासारखा झालेला असतो.

उन्हाचं पान आता रोज उघडावं लागतं. मार्चच्या मध्याला आपल्याकडे सूर्य ६:३०च्या सुमारास उगवतो आणि सकाळच्या सत्राची घंटा सातच्या आगेमागे होते. म्हणजे पळणं अंधारातच. म्हणून दिवे असलेला रस्ता, फिकट कपडे, आणि समोरून गाड्या दिसतील अशी उजवी कड. संध्याकाळ टाळायची, कारण सहालाही डांबर तापलेलंच असतं. उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तोवर किलोमीटरमागे २०-३० सेकंद सोडून द्यायचे आणि घड्याळाकडे बघून खट्टू व्हायचं नाही. आपली हवा कोरडी, घाम आल्याबरोबर उडून जातो, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. बनियनवर पांढरे डाग दिसले की कळतं. तुमचा काटा मात्र चोख आहे. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमी कपड्यांत वजन करायचं. ९०० ग्रॅम घटलं आणि मध्ये २०० मिलि पाणी प्यायलं असलं तर घाम झाला १.१ लिटर. तो एका दमात भरायचा नाही; दुपारपर्यंत थोडा थोडा. लांब पळणं झालं असेल तर नुसत्या पाण्यावर भागवायचं नाही, ताकात मीठ हवं. क्षार-साखरेचं पाणी घरी करायचं तर १ लिटर पाण्याला सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पुडीचं करायचं तर पुडीवर लिहिलेलं पूर्ण पाणी. लिटरभराची पुडी पेल्यात ढवळून पिणारे महाभाग शिक्षकखोलीत अजून आहेत.

आणि बाई, जे कुणी बोलत नाही तेही तुम्ही लिहिलंत. शाळेत स्वच्छतागृहाची पंचाईत म्हणून कित्येक शिक्षिका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पळून आलेल्या शरीराला ते परवडत नाही. तुमचा तोडगा असा : घरी परतल्यापासून निघेपर्यंत अर्धा लिटर, निघण्याआधी एकदा जाऊन यायचं, मग दर तासिकेला अर्धा पेला. लघवीचा रंग लिंबूसरबतासारखा फिकट हवा. मोहरीच्या तेलासारखा दिसला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

खाण्यातली खरी चूकही तुम्हीच नेमकी पकडलीत. पाचला पळायचं, सहाला अंघोळ, आणि पहिला घास साडेनऊच्या मधल्या सुट्टीत. तिसऱ्या तासाला डोकं धरतं, वर्गावर आवाज चढतो, आणि दोष मुलांना. म्हणून निघण्याआधी अर्धं केळं, आल्यावर दूध-केळं किंवा दोन उकडलेली अंडी, आणि पिशवीत गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू. शेंगाचटणी पळण्याआधी नाही; तेल, लसूण, तिखट, सगळं घशाशी येतं. पळून आल्यावर हवी तेवढी. रविवारसाठी तुम्ही कडक भाकरी सुचवलीत ती तर घर राखणारी युक्ती. ती दिवसेंदिवस टिकते, दह्याबरोबर कुस्करली की झालं. कुणाच्या पळण्यापायी घरातल्या दुसऱ्या कुणाला पहाटे तव्यापुढे उभं राहावं लागत नाही. तसंच ‘येतोच अर्ध्या तासात’ म्हणायचं नाही, ‘सहा वाजून दहा मिनिटांनी दारात’ म्हणायचं आणि तसं यायचं.

दहावीच्या पर्यवेक्षणाला तीन तास उभं राहणं हे पायांना पळण्याइतकंच भारी पडतं, हे क्रीडाशिक्षकाशिवाय कोण सांगणार? पेपर अकराला, म्हणून सकाळ मोकळी दिसते आणि माणूस तेव्हाच जोरात पळून घेतो. मग दोनपर्यंत पातळ सपाट चपलेत उभा, आणि दुसऱ्या दिवशी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ. त्या दिवशी ३० मिनिटं सावकाश, पायात उशी असलेले बूट, आणि संध्याकाळी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडायच्या : १५ वेळा गुडघा सरळ, १५ वेळा किंचित वाकवून, असे ३ फेरे. तपासणीच्या दिवसांत उलटं. बसून बसून मांडीचा सांधा आखडतो, म्हणून दर २५ उत्तरपत्रिकांना उठायचं. आणि झोप सहा तासांखाली गेली की वेगाच्या धावा बंद.

बुटांचं पान छोटं आहे. किलोमीटर लिहून ठेवा, ६००च्या पुढे तळवा दाबून बघा, उन्हात वाळवू नका, आत वर्तमानपत्र कोंबा.

एप्रिलच्या मध्यानंतर रविवारचं पळणं ६० मिनिटांवर आणायचं, तेही सूर्य वर यायच्या आत, हे ठळक आहे. मे महिन्याच्या पानावर मात्र फक्त ‘सुट्टी लागली म्हणून पळण्याच्या चार दिवसांचे सहा करू नका’ एवढंच, आणि जूनचं पान कोरं. शाळा पुन्हा भरेल, चिखल असेल, तेवढं एक पान लिहून द्या.

मूळ वही परत करायला यायचं आहे. तुमच्याकडे पाणी कुठल्या दिवशी नसतं ते कळवा.

आपले,
वहीतले काही मास्तर आणि बाई